फ्यूज बदलल्याने आवाज बदलतो काय?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासाचाच लेख अपेक्षित असणार, हे आम्ही ओळखून होतो. परंतु गेल्या वर्षी आपल्या सभागृहात जे घडले, त्याने आम्हांला इतके दिवस गुंतवून ठेवले की त्याविषयी लिहिणे प्राप्तच झाले. विषय विजेचा आणि ध्वनीचा आहे, म्हणजे आमचा नव्हे. आमच्या विज्ञान-सहकाऱ्यांनी हे हस्तलिखित दोनदा तपासून दिले आहे, एवढा दिलासा वाचकांना प्रारंभीच देतो.

सभागृहातील ध्वनिवर्धक संच जुना झाला होता. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, आज उत्तम नोकरीत असलेला आणि संगीताचा मोठा शौकीन, सुटीत भेटीस आला. सकाळची वंदना ऐकून त्याने आम्हांला बाजूस घेतले व म्हणाला, "सर, आवाज दबलेला येतो. मी एक वस्तू आणली आहे." ती वस्तू मखमली डबीत होती. एक फ्यूज. दोन सेंटिमीटर लांबीचा, टोकांना सोन्याचा मुलामा आणि अंगावर एक बाण. वीज कोणत्या दिशेने जावी हे दाखविणारा. किंमत विचारण्याचे धाडस आम्ही नंतर केले. आपल्या बाजारपेठेतील विजेच्या दुकानात काचेचा फ्यूज पाच-दहा रुपयांना मिळतो. परदेशांत हौशी श्रोत्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अशा खास फ्यूजची किंमत शंभर डॉलरच्याही पुढे जाते.

फ्यूज बसविला. आवाज खुलला. संगीत शिक्षकांनी मान डोलावली आणि आम्हांलाही तसेच वाटले, हे येथे नमूद केलेच पाहिजे. त्या आनंदात त्या विद्यार्थ्याने मिक्सर व इतर उपकरणांसाठीही असेच फ्यूज देण्याची तयारी दर्शविली. रक्कम काही हजारांत जाणार होती. तेवढ्यात इयत्ता दहावीतील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, फ्यूज बदलताना काकांनी खाच घासून पुसली होती. आणि आवाजाचं बटण आधी होतं तिथंच आहे का?" बटण तेथे नव्हते. आवाज थोडा वाढविलेला होता, आणि तो कोणी वाढविला हे कोणालाच आठवत नव्हते. आवाज किंचित मोठा झाला की मनुष्याला तो मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो, ही ध्वनिक्षेत्रातील मंडळींना पूर्ण परिचित गोष्ट आहे.

त्या प्रश्नापासून आमचा अभ्यास सुरू झाला.

प्रथम फ्यूज म्हणजे काय, ते पाहू. पाठ्यपुस्तकात त्यास वितळतार म्हटले आहे आणि हा शब्द फ्यूजपेक्षा अधिक अर्थवाही आहे. मंडलातील सर्वांत दुबळा दुवा आपण हेतुपुरस्सर ठेवतो. प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की तो तापून वितळतो आणि उरलेली वायरिंग वाचते. फ्रान्समधील ब्रेगे यांनी १८४७ मध्ये तारायंत्राच्या केंद्रांचे विजेपासून रक्षण करण्यासाठी कमी जाडीच्या तारेचा उपाय सुचविला होता. पुढे एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून घरोघर वीज देण्यास प्रारंभ केला आणि १८९० मध्ये फ्यूज ब्लॉकचे पेटंट त्याला मिळाले. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची बचत करणारी वर्तुळाकार वायरिंग आली, तेव्हा १९४७ च्या मानकाने प्रत्येक प्लगच्या पोटातच फ्यूज बसविला. त्यामुळे तिकडील श्रोत्यापुढे प्लगमधला आणि यंत्रातला असे दोन फ्यूज असतात. आपल्याकडे प्लगमध्ये फ्यूज नसतो. तो मीटरजवळच्या चिनीमातीच्या किटकॅटमध्ये असतो आणि दुसरा अॅम्प्लिफायरच्या मागील बाजूस, गोल झाकणाखाली.

आता मूळ प्रश्न. वीजवाहिनीवरील हा फ्यूज ध्वनीची गुणवत्ता बदलू शकतो काय?

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी : आवाज या फ्यूजमधून जातच नाही. मायक्रोफोनपासून स्पीकरपर्यंतचा जो मार्ग आहे, त्या मार्गावर हा फ्यूज उभा नाही. त्याच्यातून जाते ती २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज. ती यंत्रातील ट्रान्सफॉर्मरमध्ये कमी दाबाची होते, डायोडमधून एकदिश होते आणि मोठ्या कपॅसिटरांमध्ये साठविली जाते. स्पीकरला शक्ती मिळते ती या साठ्यातून. आपल्या वसतिगृहाच्या छतावरील टाकीचेच उदाहरण घ्या. विहिरीवरचा पंप धक्क्याधक्क्याने पाणी चढवितो, परंतु स्नानगृहातील नळाची धार टाकीच्या पातळीवर ठरते. पंपाच्या पाइपात दोन बोटे लांबीचा एक जोड पितळी आहे की लोखंडी, यावरून नळाखाली उभ्या मुलाला काही कळत नाही. मात्र तो जोड गळका असेल तर कळते. त्या गळक्या जोडाकडे आपण पुढे येऊच.

कोणी म्हणेल, फ्यूजला रोध असतो. तेथे थोडा तरी दाब घटणारच. घटतोच. आम्ही तो मोजला. साधा मल्टीमीटर येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या दोन काड्यांच्या वायरींचाच रोध फ्यूजपेक्षा अधिक भरतो. म्हणून विज्ञानाच्या सरांनी बॅटरी एलिमिनेटरवरून फ्यूजमधून १ अँपिअर प्रवाह सोडला आणि त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजले. (विद्यार्थ्यांनी हे घरच्या विजेवर करून पाहू नये, ही सूचना नव्हे, ताकीद आहे.) २ अँपिअरच्या साध्या फ्यूजचा रोध साधारणतः ०.०५ ओहमच्या आसपास असतो. म्हणजे १ अँपिअर प्रवाहाला ०.०५ व्होल्ट घट. २३० व्होल्टच्या सुमारे साडेचार हजाराव्या भागाइतकी. कपॅसिटर भरताना प्रवाह सलग येत नाही, प्रत्येक अर्धआवर्तनाच्या माथ्यावर झटक्याने येतो आणि सरासरीच्या कित्येक पट होतो, हे खरे. पाच पट धरा. घट पाव व्होल्ट होते.

आता त्याच वाटेवरील इतर वस्तू पाहा. बोर्डापासून सभागृहाच्या कोपऱ्यापर्यंत २० मीटर अंतर आहे. जाऊन-येऊन ४० मीटर तार झाली. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. या हिशेबाने त्या तारेचा रोध झाला ०.४८ ओहम, फ्यूजच्या जवळजवळ दसपट. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यात याहून कितीतरी लांब आणि बारीक तार गुंडाळलेली असते. तिचा रोध काही ओहम भरतो. आणि या सर्वांच्या मागे गावची डीपी, ११ हजार व्होल्टची वाहिनी, सायंकाळी शेतीपंप सुरू झाले की २३० वरून १९० वर येणारा दाब! एवढ्या दीर्घ प्रवासातील अखेरचे दोन सेंटिमीटर सोन्याचे केल्याने काय साधणार? अॅम्प्लिफायरच्या रचनेतच पुरवठ्यातील चढउतार ध्वनीपर्यंत पोहोचू नयेत अशी योजना केलेली असते. ती नसती, तर सायंकाळच्या प्रत्येक कार्यक्रमात पंपांची संख्या आपल्याला गाण्यातून मोजता आली असती.

बाणाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. सेकंदाला ५० आवर्तने म्हणजे प्रवाह सेकंदात १०० वेळा दिशा बदलतो. त्याला बाण दाखवून काय उपयोग, हे नववीच्या वर्गाने आम्हांला हसतच सांगितले.

तथापि, फ्यूजचा ध्वनीशी कधीच संबंध येत नाही, असे विधान करणे अभ्यासकाला शोभणार नाही. संबंध दोन ठिकाणी येतो. काही यंत्रांत स्पीकरच्या संरक्षणासाठी अॅम्प्लिफायर व स्पीकर यांच्या मध्ये फ्यूज घातलेला असतो. तेथे मात्र ध्वनीचा प्रवाह खरोखरच त्यातून जातो. खर्जाच्या संथ आंदोलनांबरोबर ती बारीक तार तापते, निवते, तिचा रोध कमीजास्त होतो आणि त्यामुळे ध्वनीत अल्पशी विकृती येते. ती उपकरणांनी मोजता येते. ब्रिटिश अभियंते डग्लस सेल्फ यांनी आपल्या पॉवर अॅम्प्लिफायरविषयक ग्रंथात तिची नोंद केली आहे. परंतु हा स्पीकरच्या वाटेवरचा फ्यूज झाला, वीजवाहिनीवरचा नव्हे. दोहोंची गल्लत केली की वाद कधीच मिटत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे फ्यूज बसतो ती खाच. आपला गळका जोड. तिच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या, सैल झाल्या, की संपर्क तुटक होतो. मग करकर ऐकू येते, यंत्र मध्येच बंद पडते, खाच गरम होते. वायरमन काकांनी ती घासून पुसली, तेव्हा यंत्राचे काही भले झाले असेलच तर त्या घासण्याने. आणि त्यासाठी जुना पाच रुपयांचा फ्यूज पुरेसा होता.

येथपर्यंतचा हिशेब कागदावरचा. परंतु ज्यांनी स्वतःच्या कानांनी फरक ऐकला, त्यांचे काय? ते खोटे बोलतात काय? या वळणावर आम्हांला आमचा विषय सापडला.

१७७८ मध्ये मेस्मर नावाचा वैद्य पॅरिसला आला. सर्व प्राण्यांत एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि आपण तो रोग्याच्या शरीरात वळवून त्यास बरे करतो, असा त्याचा दावा होता. सरदारघराण्यांतील स्त्री-पुरुषांची रीघ लागली. त्याच्या उपचारांनी लोक थरथरत, रडत, मूर्च्छित होत. अखेर १७८४ मध्ये राजा सोळावा लुई याने चौकशी मंडळ नेमले. त्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बाय्यी, वैद्य गिलोतँ आणि त्या वेळी अमेरिकेचे राजदूत असलेले वयोवृद्ध बेंजामिन फ्रँकलिन होते. पतंगाच्या प्रयोगाने आकाशातील विजेचे रहस्य उलगडणारे तेच हे फ्रँकलिन. ते आजारी असल्याने काही प्रयोग त्यांच्याच निवासस्थानी, पासी येथे झाले.

त्यातील एक प्रयोग आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. मेस्मरचा शिष्य देस्लाँ याने बागेतील जर्दाळूचे एक झाड 'चुंबकित' केले. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाशी नेण्यात आले. पहिल्या झाडाशी त्याला घाम फुटला, पुढे डोके दुखू लागले, आणि चौथ्या झाडाशी तो मूर्च्छित होऊन पडला. या चारांपैकी एकही झाड चुंबकित केलेले नव्हते. जर्दाळूचे झाड तेथून दूर उभे होते.

मुलाचा घाम खरा होता, मूर्च्छाही खरी होती. त्याने ढोंग केले नाही. खोटे होते ते एवढेच, की या साऱ्याचे कारण झाडात आहे. फ्रँकलिनच्या मंडळाने त्या मुलाला लबाड ठरविले नाही. त्यांनी केवळ त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आमच्या संगीत शिक्षकांनी मान डोलावली ती मनापासूनच होती. मखमली डबी, सोनेरी टोके, दुरून प्रेमाने भेट घेऊन आलेला विद्यार्थी, हे सर्व पाहिल्यानंतर कान एकटे ऐकत नाहीत.

तेव्हा आम्हीही पट्टी बांधण्याचे ठरविले. दोन शनिवार त्यात गेले. पडद्यामागे विज्ञानाचे सर आणि दोन विद्यार्थी बसले. प्रत्येक फेरीपूर्वी नाणे उडवायचे. छापा आला तर सोनेरी फ्यूज, काटा आला तर साधा. बदल करायचा असो वा नसो, प्रत्येक वेळी पिन काढायची, तेवढाच वेळ थांबायचे, झाकण उघडून लावायचे, म्हणजे हालचालीच्या आवाजावरून सुगावा लागू नये. आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी. ध्वनिमुद्रण तेच, एका मिनिटाचे. पडद्याच्या अलीकडे तिघे : संगीत शिक्षक, ती विद्यार्थिनी आणि आम्ही. एकमेकांशी बोलायचे नाही. कागदावर केवळ 'सोनेरी' किंवा 'साधा' लिहायचे. अशा १६ फेऱ्या.

केवळ अंदाजाने लिहिले तरी निम्मी उत्तरे बरोबर येणारच. म्हणून किती बरोबर आली तर ती ऐकून दिली असे मानायचे, हे गणिताच्या बाईंनी आधीच ठरवून फळ्यावर लिहून ठेवले होते. सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्याही आत असते. तेव्हा बारा ही मर्यादा. हे आधी लिहिणे महत्त्वाचे. निकाल पाहून मग मर्यादा ठरविणाऱ्याला हवे ते सिद्ध करता येते.

संगीत शिक्षकांची नऊ बरोबर आली, विद्यार्थिनीची सात, आमची आठ. आठव्या फेरीत तर आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने 'सोनेरी' लिहून त्याखाली दोन रेघाही ओढल्या होत्या. तो साधा निघाला.

एका शाळेतील तीन श्रोत्यांच्या खेळाने जगाचा निकाल लागत नाही. परंतु ज्या हिशेबाने फरक पडू नये असे सांगितले, त्याच्याशी आमचे कान जुळले, एवढे म्हणता येते.

मग सभागृहातील आवाज दबलेला का येत होता? तो विद्यार्थी त्याबाबत मुळीच चुकला नव्हता. उत्तर भिंतींत होते. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह असे बांधले गेले की त्यात बोललेले काहीच समजेना. एक शब्द साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणी, त्या मांडून ऑर्गनची एक नळी वाजवी, घुमणे किती वेळात संपते ते मोजी आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवी. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांवर घातला गेला. आमच्या सभागृहाला पत्र्याचे छत आणि चहूकडे गुळगुळीत गिलावा आहे. मुलांनी वसतिगृहातील सतरंज्या आणून मागच्या भिंतीवर टांगल्या, स्पीकर कोपऱ्यातून काढून पुढे आणले, आणि माइक तोंडापासून हातभर अंतरावर धरण्याची सवय मोडली. या वेळी पट्टी बांधून परीक्षा घेण्याची गरज कोणास वाटली नाही; शेवटच्या रांगेतील पाचवीच्या मुलांना प्रथमच शब्द कळू लागले. घरघर उरली होती, ती माइकच्या केबलमधील तुटलेल्या जाळीची निघाली. डाग दिला, थांबली.

एवढ्यावर हा लेख संपविता आला असता. परंतु फ्यूजचा विषय निघाला म्हणून आम्ही त्या निमित्ताने वसतिगृहाचे सर्व किटकॅट उघडून पाहिले आणि आमची झोप उडाली. सातपैकी तिघांमध्ये फ्यूज तारेच्या जागी केबलमधील तांब्याचे तीन-चार पदर पीळ देऊन बांधलेले होते. वारंवार फ्यूज उडतो म्हणून कोणी तरी 'कायमचा' उपाय केला होता. आम्ही स्वतः विद्यार्थिदशेत ज्या वसतिगृहात होतो, तेथे अशाच जाड तारेमुळे छतातील वायरिंग पेटले होते. रात्र होती, चाळीस मुले गोधड्या टाकून बाहेर पळाली. जीवितहानी झाली नाही, परंतु जळक्या रबराचा तो वास अद्याप आठवतो. उडणारा फ्यूज तक्रार करीत असतो. त्याचे तोंड बांधले की तक्रार थांबते, दोष थांबत नाही.

हे सर्व त्या माजी विद्यार्थ्याला दूरध्वनीवरून सांगणे अवघड गेले. भेट नाकारल्यासारखे होऊ नये, ही चिंता. त्याने शांतपणे ऐकून घेतले, बाराची मर्यादा कोणी ठरविली ते विचारले, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "सर, घरी माझ्याही डोळ्यांवर पट्टी बांधून बघतो." त्याच्या परीक्षेचा निकाल त्याने सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. उरलेल्या फ्यूजसाठी ठेवलेली रक्कम मात्र त्याने आठवडाभरात पाठविली. त्यातून वसतिगृहाच्या दोन्ही इमारतींना एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसले. अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात नवा कोळसा आणि मीठ भरले.

पालकांनी आपल्या घरी एवढे अवश्य पाहावे. यंत्राचा फ्यूज उडाल्यास त्याच्या धातूच्या टोपीवर कोरलेले अक्षर व आकडा वाचून तसाच आणावा. 'टी' म्हणजे धिमा, 'एफ' म्हणजे त्वरित वितळणारा. ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, म्हणून अॅम्प्लिफायरला बहुधा 'टी' लागतो. दोनच्या जागी पाचचा घालू नये. चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून जुना फ्यूज तर मुळीच चालवू नये.

सोनेरी फ्यूज सध्या प्रयोगशाळेच्या कपाटात, त्याच्या डबीसह आहे. शेजारी सोळा फेऱ्यांचे ते कागदही ठेवले आहेत. अर्थिंगच्या खड्ड्यात दर शनिवारी दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम नववीच्या वर्गाकडे आहे आणि उन्हाळ्याच्या सुटीत ते वसतिगृह अधीक्षकांकडे असते.